जाड रेषेचं गणित: ॲनिमेशन आणि गेमसाठी आउटलाइन ठरवण्यापासून स्क्रीनवर येईपर्यंत

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. रंग भरून झाले की शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्या आकारांभोवती काळी रेषा फिरवायची, म्हणजे चित्र उठून दिसतं, असं बहुतेक वर्गांत सांगितलं जायचं. कागदावर ते खपून जातं. गेममध्ये किंवा ॲनिमेशनमध्ये मात्र हीच सवय महागात पडते. तिथे रेषेची जाडी सर्वांत आधी ठरवावी लागते, कारण पात्राला बोटं किती काढायची, कपड्यावर किती नक्षी परवडेल, केसांना कोणता रंग द्यायचा, हे सगळं त्या जाडीवर अवलंबून असतं.

हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणाला एकच पात्र घेऊ: वासुदेव. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, हातात चिपळ्या. आकृती लांबून ओळखू येते आणि तपशील भरपूर आहेत. जाड रेषेची सगळी दुखणी त्यामुळे त्याच्यावर दाखवता येतात.

ही रेषा आली कुठून

थोडा इतिहास कामाचा आहे, म्हणून सांगतो. पारदर्शक सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पातळ तावावर, पात्र काढायचं आणि मागचं चित्र वेगळं ठेवायचं, या पद्धतीचं पेटंट अर्ल हर्ड यांना १९१५ साली मिळालं. सेलच्या पुढच्या बाजूला शाईची रेषा आणि मागच्या बाजूने रंग, असं काम चालायचं. रंगाची कड थोडी इकडेतिकडे झाली तरी रेषेखाली झाकली जायची. म्हणजे रेषेमागे शैलीइतकीच कारखान्याची सोयही होती. पार्श्वभूमी रंगचित्रासारखी, बहुधा रेषेविना, आणि पात्र रेषेने बांधलेलं, ही विभागणी तिथूनच रुळली.

डिस्नेने १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात हाताने शाई फिरवणं सोडून पेन्सिलीची रेषा झेरॉक्स तंत्राने थेट सेलवर उतरवली. त्याआधी शाईकाम करणाऱ्या बायका भागाभागाचा रंग बघून रंगीत रेषा काढत. झेरॉक्सने ती नजाकत गेली, रेषा काळी आणि खरखरीत झाली, आणि लोकांना ती आवडूही लागली. पुढे टीव्हीच्या लहान पडद्यासाठी कार्टून नेटवर्कच्या मालिकांनी रेषा मुद्दाम जाड केली. १९९८ ची ‘पॉवरपफ गर्ल्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच वाहिनीवर २००१ साली आलेल्या ‘सामुराय जॅक’ने आउटलाइन जवळजवळ काढूनच टाकली आणि सगळा भार रंगाच्या सपाट आकारांवर टाकला. तेव्हा जाड रेषा सक्तीची नाही. पात्र मागच्या गर्दीतून वेगळं काढायला तिची गरज आहे का, एवढं आधी बघा.

पायरी १: शेवटी पात्र किती मोठं दिसणार, ते मोजा

नवख्यांची निम्मी गडबड इथे होते. मोठ्या कॅनव्हासवर झूम करून छान रेषा काढली जाते आणि गेममध्ये ती गायब होते.

समजा, वासुदेव तुम्ही १०८० पिक्सेल उंच काढलाय आणि गेममध्ये तो १२० पिक्सेल उंच दिसणार आहे. म्हणजे चित्र नऊपट लहान होणार. कॅनव्हासवरची ९ पिक्सेलची रेषा स्क्रीनवर फक्त १ पिक्सेल उरेल. स्क्रीनवर ३ पिक्सेलची रेषा हवी असेल, तर कॅनव्हासवर ती २७ पिक्सेलची काढावी लागेल. काढताना ती बटबटीत वाटते. वाटू द्या.

सूत्र सोपं आहे: स्क्रीनवर हवी असलेली जाडी, गुणिले काढलेली उंची, भागिले दिसणारी उंची.

स्क्रीनवर किती जाडी हवी? बाहेरच्या रेषेसाठी मी पात्राच्या उंचीचा साठावा ते तिसावा भाग धरतो. १२० पिक्सेलच्या पात्राला २ ते ४ पिक्सेल. मोठ्या डोक्याच्या, ठेंगण्या, लहान मुलांच्या गेममधल्या पात्राला विसावा भागही चालून जातो. दीड पिक्सेलच्या खाली मात्र जाऊ नका. स्थिर चित्रात तेवढी रेषा ठीक दिसते, पण पात्र चालायला लागलं की ती लुकलुकते.

हा आकडा एकट्या नायकापुरता ठेवायचा नाही. गेममधल्या सगळ्या पात्रांची रेषा स्क्रीनवर साधारण एकाच जाडीची हवी. राक्षस मोठा करायचा म्हणून लहान राक्षसाचं चित्र दुप्पट ताणलं की रेषाही दुप्पट होते, आणि तो दुसऱ्याच गेममधून आल्यासारखा दिसतो. मोठा राक्षस वेगळा काढावा लागतो. त्याला उपाय नाही.

पायरी २: रेषेआधी छायाकृती

पात्राचा आकार पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि दिसणार आहे तेवढा लहान करून बघा. टोपी, चिपळ्या, अंगरख्याचा घेर ओळखू आला पाहिजे. तो ओळखू येत नसेल तर कितीही जाड रेषा मारली तरी उपयोग नाही.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: रेषा स्वतः जागा खाते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रोक, म्हणजे आकाराची रेषा, कडेच्या मधोमध बसतो, निम्मा आत आणि निम्मा बाहेर. वासुदेवाच्या कोपरात आणि कमरेत ३० पिक्सेलची फट आहे आणि रेषा २४ पिक्सेलची, असं धरा. दोन्ही बाजूंनी बारा-बारा पिक्सेल खाल्ले गेले की फटीत उरले सहा. नऊपट लहान केल्यावर तिथे काहीच दिसणार नाही, हात अंगाला चिकटलेला वाटेल. म्हणून मोकळी जागा रेषेच्या निदान तिप्पट ठेवा. बोटं पाचऐवजी चार, चिपळ्या खऱ्यापेक्षा दीडपट मोठ्या, हात अंगापासून चांगला लांब, हे सगळे निर्णय त्यातून आपोआप निघतात. कार्टूनमधल्या पात्रांना चार बोटं का असतात याच्या अनेक कारणांपैकी हेही एक.

पायरी ३: किती प्रकारच्या जाड्या

पुस्तकी नियम असा: बाहेरची रेषा सर्वांत जाड, एका अवयवावर दुसरा येतो तिथली, म्हणजे हनुवटीखालची किंवा शेल्याच्या कडेची, मध्यम, चुण्या, भुवया, नक्षी बारीक. प्रमाण ४:२:१. पात्र ९०० पिक्सेल उंच दिसणाऱ्या ॲनिमेशनमध्ये हे सुरेख चालतं: २०, १०, ५.

आता हेच आपल्या १२० पिक्सेलच्या वासुदेवाला लावून बघा. बाहेरची रेषा ३, मधली १.५, आणि बारीक पाऊण पिक्सेल. ती पाऊण पिक्सेलची रेषा म्हणजे करडा धूर. अशा वेळी मी दोनच जाड्या ठेवतो: कॅनव्हासवर २७ आणि १८, म्हणजे स्क्रीनवर ३ आणि २. तिसरी जाडी रेषेने दाखवायचीच नाही, तिचं काम रंगावर सोपवायचं. अंगरख्याच्या चुण्या म्हणजे थोड्या गडद रंगाचे पट्टे. प्रत्येक मोरपिसाला वेगळी आउटलाइन दिलीत तर टोपीचा काळा गोळा होईल. सगळ्या पिसांच्या जुडग्याला मिळून एक बाहेरची रेषा, आत हिरव्याच्या दोन छटा, आणि डोळ्यांच्या जागी मोजके निळे ठिपके. एवढ्याने मोरपीस ओळखू येतं.

पायरी ४: प्रत्यक्ष रेषा काढणं

पेन टॅब्लेटवर काम करत असाल तर क्रिटा पुरेसं आहे, फुकटही आहे. ब्रश टूलच्या पर्यायांत (टूल ऑप्शन्स) स्टॅबिलायझर चालू करा. लांब वळणं मनगटाने काढू नका, खांद्यातून हात फिरवा. टोपीच्या टोकापासून खांद्यापर्यंतची रेषा एका झटक्यात आली पाहिजे. जमली नाही तर अनडू करून पुन्हा काढा. तुकडे जोडून केलेली जाड रेषा बारीक रेषेपेक्षा जास्त उघडी पडते, कारण जाडीत प्रत्येक गाठ दिसते.

रेषा जाड-बारीक कुठे करायची? प्रकाश वरून येतोय असं धरलं तर वरच्या कडा बारीक, खालच्या जाड. वजन जिथे टेकतं तिथे जाड: पावलांखाली, टोपी डोक्यावर बसते तिथे. दोन रेषा एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यात शाईचा छोटा त्रिकोण भरा. एवढ्याशा कामाने चित्राला हाताचं वळण येतं, आणि सावली न रंगवता खोलीही दिसते.

व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी बिंदू आणि वळणांनी चित्र साठवणाऱ्या इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, स्ट्रोकचे कोपरे ‘राउंड’ ठेवा. टोकदार कोपऱ्याची सेटिंग जाड रेषेत काट्यासारखी बाहेर येते. प्रेफरन्सेसमध्ये वस्तू लहान-मोठी करताना स्ट्रोकही बदलावा की नाही याचा पर्याय असतो. तो कामाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि मध्येच बदलू नका. जाड-बारीक रेषेसाठी ‘पॉवर स्ट्रोक’ आहे. निर्यात करण्यापूर्वी एका प्रतीवर ‘स्ट्रोक टू पाथ’ (रेषेचा भरीव आकार) करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

एकसारखी रेषा की जाड-बारीक? पात्राचे हात-पाय वेगवेगळे कापून सांध्यांवर फिरवणार असाल, तर एकसारखी. हात फिरला की खालची जाड कड वर येते आणि प्रकाशाचं सगळं गणित उलटं होतं. प्रत्येक फ्रेम हाताने काढणार असाल, तर खुशाल जाड-बारीक करा.

पायरी ५: रेषेचा रंग

शुद्ध काळा मी क्वचितच वापरतो. जांभळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकणारा अतिगडद रंग (उदाहरणार्थ लाल ३५, हिरवा २२, निळा ४०) काळाच वाटतो, पण बाकीच्या रंगांशी भांडत नाही.

खरी अडचण काळ्या वस्तूंची. काळे केस, काळी घोंगडी, म्हशी. भरलेला रंग आणि रेषा यांत अंतर राहिलं नाही की आतल्या रेषा बुडतात. उपाय असा की गेममध्ये रेषेपेक्षा गडद काहीच नसतं, असा नियम करायचा. केस काळे भरायचे नाहीत, गडद निळे भरायचे. रेषेचा उजळपणा दहा टक्क्यांच्या आत आणि सर्वांत गडद भरणीचा पंचवीस टक्क्यांच्या वर ठेवला की काम होतं. म्हैस तरीही काळीच दिसते.

आतल्या रेषांना त्या त्या भागाच्या रंगाची गडद छटा देता येते: चेहऱ्यावर तपकिरी, हिरव्या शेल्यावर गडद हिरवी. बाहेरची रेषा मात्र सगळीकडे एकाच रंगाची ठेवा.

रात्रीच्या दृश्यात गडद आउटलाइन मागच्या अंधारात विरघळते. स्टिकरसारखी बाहेरून दुसरी पांढरी कड लावणं हा एक मार्ग, पण ती गंभीर दृश्यात हास्यास्पद दिसते. त्यापेक्षा रात्रच निळसर आणि थोडी उजळ रंगवा.

पायरी ६: हालचाल

चोवीस फ्रेमच्या सेकंदात बारा चित्रं काढायची, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं, ही नेहमीची रीत. जाड रेषा असेल तर या बारा चित्रांत जाडी थोडी जरी हलली तरी रेषा उकळल्यासारखी थरथरते. हे हवं असेल तर ठीक, काही जण मुद्दाम करतात. नको असेल तर पात्राच्या मॉडेल शीटवरच (संदर्भचित्रांच्या पानावर) ब्रशचं नाव आणि पिक्सेलमधली जाडी लिहून ठेवा. दोघं-तिघं मिळून काम करत असतील तर हे लिहिणं टाळूच नका.

सुटे अवयव जोडून केलेल्या ॲनिमेशनमध्ये सांधा हे खरं डोकेदुखीचं ठिकाण. दंड आणि हात दोन्हींना पूर्ण आउटलाइन असेल तर कोपरावर आडवी रेषा दिसते. त्यासाठी प्रत्येक अवयवाचे दोन थर करा: एक फक्त रेषेचा, एक फक्त रंगाचा. मग दोन्ही अवयवांच्या रेषा खाली आणि दोन्हींचे रंग वर, असा क्रम लावा. रंगाचे थर कोपरावर एकमेकांत मिसळतात, मधली रेषा झाकली जाते, बाहेरची तेवढी उरते. यात रेषेचा आतला अर्धा भाग रंगाखाली जातो, म्हणून ती दुप्पट जाड काढायची. टून बूम हार्मनी या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये याचसाठी ‘ऑटो-पॅच’ नावाची सोय आहे. पण थरांची ही युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

उडी मारून खाली आपटताना पात्र चपटं करायचं असेल तर नुसतं आडवं ताणू नका. रुंदी दीडपट केली की उभ्या रेषा दीडपट जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. आकाराचे बिंदू हलवा. ॲडोबी ॲनिमेटमध्ये स्ट्रोकच्या प्रॉपर्टीत ‘स्केल’चा पर्याय ‘नन’ केला की ताणलं तरी जाडी बदलत नाही. कॅमेरा जवळ नेण्याचंही असंच आहे. चेहऱ्याच्या क्लोजअपसाठी तेच चित्र चौपट मोठं केलं तर आउटलाइन दोरखंडासारखी दिसते, तेव्हा क्लोजअप वेगळा काढा.

पायरी ७: पिक्सेल आर्ट असेल तर

इथे जाडीचा प्रश्नच नाही, एक पिक्सेल म्हणजेच जाड. १६ × १६ च्या चौकटीत एकूण २५६ पिक्सेल. कडेने एक पिक्सेलची रेषा फिरवली तर त्यातले ६० गेले. दोन पिक्सेलची फिरवली तर ११२, म्हणजे जवळजवळ निम्मं चित्र रेषेतच संपलं. वळणावर पायऱ्या दिसू नयेत म्हणून कोपऱ्यातले दुहेरी पिक्सेल खोडा, आणि उजेडाच्या बाजूला काळ्याऐवजी त्या भागाचीच गडद छटा वापरा. बाकी सगळं वरच्यासारखंच.

पायरी ८: थ्रीडी पात्राला आउटलाइन

सर्वांत जास्त विचारला जाणारा भाग हा, म्हणून सावकाश.

मुख्य युक्ती अशी: पात्राची एक प्रत करायची, ती किंचित फुगवायची, सगळी गडद रंगवायची आणि तिचे पृष्ठभाग उलटे करायचे. कॅमेऱ्याला समोरची बाजू दिसत नाही, मागची तेवढी दिसते. त्यामुळे मूळ पात्राच्या कडेने फुगवट्याइतकी गडद किनार बाहेर डोकावते. ‘इन्व्हर्टेड हल’ म्हणतात ती हीच.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ईव्ही रेंडररवर (अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागावर) असं करा:

१. पात्राचं स्केल आधी अप्लाय करा (कंट्रोल + ए). हे राहिलं तर किनार एका दिशेने जाड आणि दुसरीकडून बारीक येते.

२. दुसरा मटेरियल स्लॉट जोडा. त्यात एमिशन शेडर (शेडर म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारा छोटा प्रोग्राम), रंग गडद. मटेरियलच्या सेटिंग्जमध्ये बॅकफेस कलिंग (पृष्ठभागाची मागची बाजू न दाखवणं) चालू करा.

३. सॉलिडिफाय मॉडिफायर लावा. ऑफसेट १, नॉर्मल्समध्ये ‘फ्लिप’ टिक, मटेरियल ऑफसेट १.

४. थिकनेस १.७ मीटरच्या पात्राला ०.०२ पासून सुरू करा आणि अंतिम कॅमेऱ्यातून बघत वाढवा.

५. आता एक व्हर्टेक्स ग्रुप (मॉडेलच्या बिंदूंचा गट) करा आणि तो सॉलिडिफायला जोडा. नाक, ओठ, बोटांची टोकं यांचं वजन कमी ठेवा. खांदे, अंगरख्याचा घेर यांचं पूर्ण. रेषा एकदम हाताने काढल्यासारखी दिसायला लागते. बहुतेक शिकवण्या चौथ्या पायरीवर थांबतात, म्हणूनच ती सगळी कामं एकसारखी दिसतात.

सायकल्स रेंडररमध्ये हे बॅकफेस कलिंग चालत नाही, तिथे वेगळी जुळणी करावी लागते.

गोडो या गेम इंजिनमध्ये आणखी सोपं आहे. मूळ मटेरियलच्या ‘नेक्स्ट पास’मध्ये नवं स्टँडर्ड मटेरियल टाका: शेडिंग अनशेडेड, कल मोड फ्रंट, रंग गडद, ‘ग्रो’ चालू आणि मूल्य ०.०२.

मग दोन तक्रारी येतात. पहिली, चिपळ्यांसारख्या धारदार कोपऱ्यांच्या वस्तूंवर किनार फाटते. इंजिनमध्ये अशा कोपऱ्यावर प्रत्येक पृष्ठभागाचा बिंदू वेगळा होतो आणि फुगवताना प्रत्येक बिंदू आपापल्या दिशेला जातो. कोपऱ्याला थोडा बेव्हल (गोलाई) देऊन स्मूथ शेडिंग करा. शेडर लिहिता येत असेल तर सरासरी दिशा व्हर्टेक्स कलरमध्ये (प्रत्येक बिंदूसोबत ठेवलेल्या रंगात) साठवून त्या दिशेने फुगवा. दुसरी तक्रार: पात्र लांब गेलं की किनार नाहीशी होते. शेडरमध्ये फुगवटा कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने गुणला की स्क्रीनवरची जाडी कायम राहते. पण पूर्ण कायम ठेवली तर लांबचं लहानसं पात्र रेषेतच बुडतं. म्हणून अंतराला कमाल मर्यादा घाला.

या पद्धतीने आतल्या रेषा फारशा मिळत नाहीत. शेल्याची कड, चेहऱ्यावरची सुरकुती टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर गुंडाळलेल्या चित्रात, काढावी लागते. २०१४ च्या ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ या गेममध्ये आर्क सिस्टम वर्क्स कंपनीने यावर फार चलाख उपाय केला: टेक्स्चरवरच्या रेषा सरळ आडव्या-उभ्या ठेवून मॉडेलचे यूव्ही (चित्र मॉडेलवर कुठे बसतं ते सांगणारे निर्देशांक) त्यांच्याभोवती जुळवले, त्यामुळे कॅमेरा अगदी जवळ आला तरी रेषेला पायऱ्या दिसत नाहीत. किनारीची जाडीही त्यांनी व्हर्टेक्स कलरमधूनच आवरली. मेहनत प्रचंड, पण थांबवलेली फ्रेम हाताने काढलेली वाटते.

दुसरा मार्ग म्हणजे तयार झालेल्या चित्रावर कडा शोधणारा फिल्टर चालवायचा. खोली आणि पृष्ठभागाची दिशा जिथे एकदम बदलते तिथे तो रेषा काढतो. इमारती, यंत्रं, दगड यांना हा उत्तम. चेहऱ्याला वाईट, कारण रेषा कुठे नको हे त्याला सांगता येत नाही. खर्चाचा हिशेबही वेगळा: फुगवलेल्या प्रतीमुळे त्या पात्राचे त्रिकोण दुप्पट होतात, फिल्टरला मात्र स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल तपासावा लागतो. मोजकी पात्रं आणि स्वस्त फोन असेल तर पहिलाच मार्ग घ्या.

तपासणी

संगणकावर शंभर टक्के झूमवर बघा, मग साध्या फोनवर, ब्राइटनेस निम्मा करून, उन्हात. पात्राला चालवा, वळवा, तिघा-चौघांच्या गर्दीत उभं करा. स्क्रीनशॉट करड्या रंगात बदलून पात्र वेगळं दिसतंय का पाहा. नसेल दिसत, तर रेषा आणखी जाड करण्याचा मोह होईल. त्याआधी मागच्या चित्राचा रंग दोन छटा उजळ करून आणि त्यातले तपशील पुसट करून पुन्हा तोच स्क्रीनशॉट काढा. बहुतेक वेळा रेषेला हात लावावा लागत नाही.